वहिनीचा चेक मस्कतला जातो

आमच्या घरातून आजवर विमानानं परदेशात जाऊन आलेला एकच जण आहे, आणि तो म्हणजे माझ्या वहिनीचा चेक. त्याला पाठवणारी मी.

(उगाच पाठवला नव्हता. त्याला कारण होतं. कारण चांगलं नव्हतं, पण ते पुढं येईलच.)

मी शीतल. आमचं घर जवळा बाजार या गावात. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हिंगोलीला बी.कॉम. करते, रोज एस.टी.नं जाऊन-येऊन. यामुळं घरात मला थोडा मान आहे. मान म्हणजे काय, तर घरातली हातांची एकुलती एक खुर्ची. लाल, प्लास्टिकची. बाकीचे सगळे सतरंजीवर बसतात, मी अभ्यासाच्या नावाखाली खुर्चीवर. गल्लीत कुणाकडं इंग्रजीत कागद आला की तो आमच्या दारात येतो आणि आबा, म्हणजे माझे वडील, मोठ्यानं हाक मारतात, "शीतल, ये गं. बघ हा कागद काय म्हणून राहिला." मग मी खुर्चीत बसते, कपाळाला आठ्या घालते आणि वाचते. निम्मं कळतं. उरलेलं आठ्यांवर निभावते.

अशा माझ्या सुखाच्या संसारात रेणुका वहिनीचा चेक आला.

रेणुका वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. दहावीला गणितात गेली ती पुन्हा बसलीच नाही. माहेर औंढ्याचं, तिथं त्यांचं मंदिराजवळ बेल-फुलांचं दुकान. वहिनीचा हात शिवणात असा चालतो की बघत राहावं. शेजारच्या शब्बीर चाचांचं टेलरिंगचं दुकान आहे. तिथले उरलेले कापडाचे तुकडे ती गोळा करते आणि त्यांच्या गोधड्या शिवते. आम्ही त्या अंथरायचो, पांघरायचो, कधी सोयाबीनवर झाकायचो. त्यात काही विशेष आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

ते एका अमेरिकन म्हातारीला वाटलं. मागच्या वर्षी वहिनी माहेरी गेली होती आणि दुकानात गोधडीवर बसून हार करत होती. मंदिर बघायला आलेल्या परदेशी लोकांमधल्या एका म्हातारीच्या कापडी पिशवीचा बंद तुटला. वहिनीनं पिशवी घेतली, गोधडीच्या टाक्यानं बंद शिवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. म्हातारी टाके बघत राहिली. मग तिची नजर वहिनीच्या बुडाखालच्या गोधडीकडं गेली. तिनं मोबाइल काढला. आजकाल मोबाइलमध्ये आपण मराठीत बोललं की तो इंग्रजीत बोलतो. त्याच्या मध्यस्थीनं म्हातारीनं गोधडी मागितली. वहिनी म्हणाली, "ही बसायची हाय. तुमाला नवी करून देते." म्हातारीनं पत्ता आणि नंबर लिहून दिला.

तीन महिने शिवून वहिनीनं ती गोधडी टपालानं अमेरिकेला पाठवली. (पार्सलवरचा इंग्रजी पत्ता मी लिहिला होता. हे कुणाच्याच लक्षात राहिलेलं नाही, म्हणून सांगितलं.) पुढं दीड-दोन महिन्यांनी लिंडाबाईचं, म्हणजे त्या म्हातारीचं, पाकीट आलं. आत एक पत्र, आणि दीडशे डॉलरचा चेक.

त्या दिवसापासून आमच्या घराची दर्शनबारी झाली. बाया येत होत्या, चेक बघत होत्या, कपाळाला हात लावून जात होत्या. मायनं तो देव्हाऱ्यात ठेवला आणि हळदीकुंकू वाहणार तेवढ्यात मी तिचा हात धरला. तरी एका कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलंच. आबा येईल त्याला चेक दाखवत होते, आणि "हातात घेऊ नका, नुसता बघा" असं म्हणून आधी स्वतःच हातात देत होते.

बारावीला मला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले होते तेव्हा अर्धा किलो पेढे आणले होते. चेकला सव्वा किलो. मी पुडा उचलून अंदाज घेतला, म्हणून सांगते.

आणि खुर्ची! बघायला आलेल्यांत आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बाया होत्या. त्यांना वहिनीचा फोटो काढायचा होता, हातात चेक घेऊन. माय सहज म्हणाली, "रेणुका, खुर्चीत बस ना. चांगला येतो." वहिनी लाजत लाजत माझ्या खुर्चीत बसली. मी सोयाबीनच्या पोत्यावर बसले होते. फोटोत माझा एक गुडघा आला आहे.

मला हेवा वाटला. दुसरा सभ्य शब्द मी शोधून बघितला, सापडला नाही. वहिनी वाईट असती तर सोपं गेलं असतं. पण ती रोज पहाटे उठून माझा डबा करते, आणि एस.टी. चुकू नये म्हणून कोपऱ्यापर्यंत येऊन बघत उभी राहते. अशा माणसाचा हेवा करायला फार मेहनत पडते. मी ती केली.

चार दिवसांनी आबा म्हणाले, "पण आता हे पैसे निघायचे कसे?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मला एकदम बरं वाटलं.

"शीतल कॉमर्सला हाय," आबा म्हणाले. "बँक तिचाच विषय. तिच्याकडं द्या."

मी वहिनीचं पासबुक आणि चेक घेऊन गावातल्या बँकेत गेले. साहेबांनी चेक उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. हळदीचा डाग नखानं खरवडून बघितला.

"मी या ब्रँचला आल्यापासून असा चेक पहिलाच," ते म्हणाले. "घ्यायचा तर घेऊ. पण हा इथून मोठ्या शाखेत जाणार, तिथून मुंबईला, मुंबईहून अमेरिकेला. वटून यायला दीड-दोन महिने धरा. आमचं शुल्क, त्यावर टॅक्स, कुरिअर. तिकडची बँक कापेल ते वेगळं. आणि नाही वटला तर परत आल्याचे पैसेसुद्धा तुम्हीच भरायचे."

"मग हातात किती येतील?"

"निम्मे आले तरी नशीब समजा."

हे ऐकून मला माठातलं पाणी प्याल्यासारखं गार वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. निम्मे जाणार! वहिनीच्या फोटोतला अर्धा चेक मी मनातल्या मनात फाडून टाकला.

साहेब चांगले होते. ते म्हणाले, "त्यापेक्षा सोपं सांगू का? हा भरूच नका. त्या बाईंना म्हणावं, चेक रद्द करा आणि पैसे सरळ खात्यात पाठवा. खाते नंबर आणि बँकेचे कोड मी लिहून देतो. आठवड्यात येतील, आणि फार कापलेही जाणार नाहीत."

त्यांनी एका चिठ्ठीवर सगळं नीट लिहून दिलं. प्रश्न तिथंच संपला होता. पाच मिनिटांचं काम.

पण बँकेतून घरी येताना मी विचार करत राहिले. ही चिठ्ठी मी वहिनीला देणार. वहिनी मोबाइलमध्ये मराठीत बोलणार, लिंडाबाई तिकडं इंग्रजीत ऐकणार आणि पैसे पाठवणार. म्हणजे सगळं वहिनीनंच केलं! मी काय केलं? तर चिठ्ठी आणली. चिठ्ठी आणायला बी.कॉम. कशाला लागतं?

मी ती चिठ्ठी बँकिंगच्या पुस्तकात ठेवली. शेवटच्या प्रकरणात, जिथवर आमच्या वर्गातलं कुणीच कधी पोचत नाही.

घरी येऊन मी खुर्चीत बसले आणि आठ्या घातल्या. "लई कापतेत. निम्मे जातेत."

"अगं माय," माय म्हणाली.

वहिनीचा चेहरा उतरला. "तीन महिने शिवली वो वन्सं ती. बोटाला घट्टे पडले."

"तुमी काळजी करू नका वैनी. म्या काढते मार्ग. एक रुपया कापू देत न्हाई."

आबांनी सगळ्यांकडं असं बघितलं की जणू मार्ग निघालाच. खुर्ची माझ्याकडं परत आली होती. आता मार्ग तेवढा शोधायचा होता.

मी रीतसर वहीत आकृती काढली. चेक परदेशी आहे. आपली बँक देशी आहे. म्हणून शुल्क लागतं. तोच चेक परदेशी बँकेत भरला तर शुल्क लागणार नाही. म्हणजे परदेशात खातं असलेला माणूस पाहिजे. (ही आकृती अजून माझ्या वहीत आहे. बाण फार सुबक आले आहेत.)

असा माणूस आमच्या ओळखीत एकच होता. शब्बीर चाचांचा रफिक. तो मस्कतला वायरमन आहे, तेव्हा सुट्टीवर आला होता आणि त्याच गुरुवारी परत निघाला होता. मी चाचांच्या दुकानात गेले. चाचा मशीनवर होते, रफिकभाई बॅगेची चेन बसवत होता.

"चाचा, रफिकभाईचं तिकडं बँकेत खातं हाय का?"

"हाय ना बेटा. पगार तिथंच पडतो."

"मंग तिकडं परदेशी चेकला पैसे कापत नसतील."

चाचांनी मशीन थांबवून विचार केला. "काहून कापतील? तिकडं तर सगळंच परदेशी."

हे मला इतकं पटलं की मी आकृती बंद करून पिशवीत ठेवली. रफिकभाईला मात्र पटत नव्हतं. तो चेक हातात घेऊन म्हणाला, "पण शीतल, हा अमेरिकेचा हाय. मी मस्कतला ऱ्हातो."

"इथून दोन्ही बाहेरच की."

"आन् नाव तर भाभीचं हाय याच्यावर."

"मागं सही करून तुमच्या नावावर देता येतो. आमाला धडा हाय त्याचा." धडा होता. मी तो वाचला होता असं मी म्हणाले नाही.

रफिकभाई डोकं खाजवत म्हणाला, "तू कॉलेजला हाय. तुला ठाऊक असंल." माझ्याबद्दल गावात हे वाक्य फार बोललं जातं. त्यानं आजवर किती जणांचं नुकसान झालं असेल, ते मी मोजलेलं नाही.

"बराबर होईल," चाचा म्हणाले. "लेकराचं वजन काय वाढणार हाय का एका कागदानं?"

चेक मस्कतला जाणार असं घरी सांगून मी तो आबांकडं जपायला दिला होता. बुधवारी संध्याकाळी सही घ्यायची म्हणून मागितला, तर आबांनी तो मोठ्या मायेनं माझ्या हातात ठेवला. कडक होता. चकाकत होता. आबांनी त्याचं लॅमिनेशन केलं होतं.

इथं थोडं सांगायला पाहिजे. आमच्या घरात महत्त्वाचा कागद आला की आबा तो झेरॉक्सच्या दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये बसवून आणतात. रेशन कार्ड, सातबारा, माझी मार्कशीट, दादाच्या लग्नाची पत्रिका, सगळं. एका महिन्याचं लाइट बिल शून्य आलं होतं, तेही.

"समुद्राच्या काठचा गाव हाय म्हणे," आबा म्हणाले. "दमट हवा. कागद राहतो का तिथं? जाड क्वालिटीचं करून आणलं."

मी चेककडं बघत उभी राहिले. पुस्तकात चेकच्या लॅमिनेशनबद्दल काही दिलेलं नव्हतं. करू नये असंही दिलेलं नव्हतं. आणि आबा माझ्या तोंडाकडं असे बघत होते, जसे मी कागद वाचताना बघतात.

"चांगलं केलं आबा," मी म्हणाले.

वहिनीनं मागं सही करायला पेन टेकवलं, ते घसरलं. दुसरं पेन घसरलं. तिसरं उमटलं, पण बोट लागताच पुसलं. शेवटी दादा कापसाच्या गाठींवर नंबर टाकायचा जाड मार्कर घेऊन आला. वहिनीनं जीभ दातात धरून, एकेक अक्षर बसवत 'रेणुका' लिहिलं. तेवढ्यात जागा संपली. आडनाव पुढच्या बाजूनं आलं.

"चालतंय का वो वन्सं?"

"चालतंय की," मी म्हणाले. तोपर्यंत माझं सगळंच चालत होतं.

गुरुवारी चेक हैदराबादला आणि तिथून विमानानं मस्कतला गेला. वहिनी त्याला पोचवायला कोपऱ्यापर्यंत आली होती, माझी एस.टी. बघायला येते तशी.

मग वाट बघणं सुरू झालं, आणि मला वाटलं होतं की आता तरी वहिनीचं कौतुक थंड होईल. झालं उलटंच. बचत गटाच्या बायांनी तिच्याकडून टाके शिकायला सुरुवात केली. दुपारी आमच्या ओसरीवर नऊ बाया बसायच्या आणि मधोमध वहिनी. माझ्या खुर्चीवर सुयांचा डबा. मी संध्याकाळी कॉलेजहून यायचे तेव्हा एखादी बाई म्हणायची, "सरक गं थोडी, उजेड अडतो."

उजेड अडतो! मला! ज्या पोरीच्या शिक्षणानं घरात उजेड पडणार असं आबा दहा वर्षं सांगत आलेत, तिला!

कॉलेजात तरी सुटका असावी, तर एक दिवस बँकिंगच्या सरांनी वर्गात विचारलं, "ती गोधड्या करून डॉलर कमावणारी बाई, तिची नणंद आपल्याच वर्गात आहे म्हणे. कोण आहे?"

मी हात वर केला. तीन वर्षांत सरांनी माझ्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं.

"अरे वा. तुमचं नाव काय?"

"शीतल."

"शीतल, वहिनींना एकदा घेऊन या. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन होईल."

दहावी नापास वहिनी येऊन बी.कॉम.च्या वर्गाला मार्गदर्शन करणार! मी म्हणाले, "सर, त्यांना वेळ नसतो." आणि खाली बसले. सरांनी पुढं विचारलं, "मग तो चेक कसा वटवला?" मी म्हणाले, "प्रोसेसमध्ये आहे." वर्गात इंग्रजी शब्द वापरला की पुढचा प्रश्न येत नाही, हे मात्र मी तीन वर्षांत शिकले आहे.

प्रोसेस अशी चालली होती की तीन आठवडे रफिकभाईला सुट्टी मिळेना. मिळाली तेव्हा त्यानं बँकेच्या बाहेरूनच व्हिडिओ कॉल केला. आम्ही सगळे मोबाइलभोवती गोळा झालो. चाचाही मशीन सोडून आले.

"काय झालं बेटा?" चाचांनी विचारलं.

"अब्बा, लई बेइज्जती झाली," रफिकभाई घाम पुसत म्हणाला. "आधी तर खिडकीवरच्या माणसाला वाटलं हे माझं ओळखपत्र हाय. त्यानं ते मशीनवर टेकवून बघितलं."

"मंग?" मी विचारलं.

"मंग म्हणला, इथं रियाल चालतो, हा डॉलरचा हाय. म्या म्हणलं, परदेशी परदेशी एकच की. तो म्हणला, कुणी सांगितलं? म्या म्हणलं, आमच्याकडं एक कॉमर्सवाली हाय."

कुणी माझ्याकडं बघितलं नाही. त्यामुळं सगळ्यांनी बघितल्यासारखंच वाटलं.

"त्यानं साहेबाला बोलावलं," रफिकभाई पुढं म्हणाला. "साहेबानं आणखी दोघांना. हळदीचा वास घेतला एकानं. भाभीचं आडनाव पुढून काहून लिहिलं ते विचारलं. मंग म्हणले, असा चेक इथंबी अमेरिकेलाच धाडावा लागतो, आन् त्याला इथली फी तुमच्याहून जास्त हाय. पण हा तर धाडताबी येत न्हाई. प्लास्टिक काढलं तर कागद फाटतो, न्हाई काढलं तर मशीन घेत न्हाई."

"जाड क्वालिटीचं केलं व्हतं," आबा हळूच म्हणाले.

"ते म्हणले, भारी हाय. फोटो काढून घेतला."

रफिकभाईनं चेक परत पाठवायचं कबूल केलं. दोन आठवड्यांनी वसमतचा एक माणूस सुट्टीवर आला, त्याच्याकडून आमच्याकडं खजुराचा डबा आला आणि डब्यात चेक. थोडा चिकट झाला होता, पण आतून अगदी कोरडा. आबांनी पाण्याखाली धरून धुतला. त्या बाबतीत लॅमिनेशन उत्तमच होतं.

सगळे सतरंजीवर बसले. चेक मधोमध. चाचा खजूर खात नव्हते, म्हणून कुणीच खात नव्हतं.

"मंग आता?" आबांनी विचारलं. माझ्याकडं बघूनच. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांना अजून खात्री होती की मला पुढचं माहीत असणार.

मला तेव्हा समजलं की खुर्ची वगैरे काही नाही, माझ्याजवळ जे काही होतं ते आबांचं हे बघणं होतं. आणि आता ते जाणार. वहिनीनं तीन महिने शिवलेल्या गोधडीचे पैसे मी अडकवून ठेवले होते, कारण एक चिठ्ठी तिला द्यायला मला जड गेली. मी चेक बाजूला सरकवला.

"आबा, बँकेतले साहेब म्हणले व्हते—"

"पैसे आलेत मामा," वहिनी मध्येच म्हणाली. सुनेनं सासऱ्यासमोर असं मध्ये बोलायची आमच्याकडं पद्धत नाही, म्हणून सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. "कवाच आलेत. खात्यात."

"आँ?"

"वन्संनी साहेबांना विचारून ठेवलं व्हतं, की सरळ खात्यात मागवता येतेत. कोडबी लिहून आणले व्हते. म्या लिंडाबाईला सांगितलं, तिनं धाडले. थोडेसेच कापले. चेक तिनं तिकडंच रद्द केला. परवा पासबुक भरून आणलं, दाखवायचं ऱ्हाऊन गेलं."

आबांनी मांडीवर थाप मारली. "मंग आधी सांगावं ना! मी इथं खजूर खाईना." त्यांनी दोन खजूर एकदम तोंडात टाकले आणि चाचांना म्हणाले, "बघा शब्बीरभाई. दोन्ही रस्ते धरून ठेवले पोरीनं. एक न्हाई तर दुसरा. शिक्षण म्हणतेत ते हेच."

"माशाअल्ला," चाचा म्हणाले आणि डबा माझ्याकडं सरकवला.

मी खजूर घेतला आणि तसाच मुठीत धरून ठेवला. वहिनी चहा ठेवायला आत गेली, तिच्यामागं मी गेले.

"वैनी, तुमाला कवा कळलं?"

"चेक गेला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात," ती स्टोव्हकडं बघत म्हणाली. "गटाचे पैसे भरायला बँकेत गेले व्हते. साहेबच म्हणले, काय वो, तुमच्या नणंदेला चिठ्ठी दिली व्हती, आले का पैसे? म्या म्हणलं, हरवली असंल तिच्याकडून, दुसरी द्या."

"मंग मला काहून बोलल्या न्हाईत?"

"तुमची परीक्षा चालू व्हती. आन् तुमी एवढ्या आठ्या घालून करून राहिल्या व्हत्या सगळं."

"आन् रफिकभाईला तरी सांगायचं. बिचारा बँकेत गेला."

वहिनीनं साखर टाकली, ढवळलं, आणि पहिल्यांदा हसली. "ते चुकलं माझं. पण म्या अजून परभणीच्या पुढं गेले न्हाई वन्सं. माझ्या नावाचं कायतरी विमानात बसून चाललंय, म्हणलं फिरून येऊ द्यावं."

मी रडू लागले तर ती म्हणाली, "चहात पाणी पडंल. सरका, उजेड अडतो."

या गोष्टीला आता काही महिने झाले. खरं सांगायचं तर तेव्हापासून मी वाट बघत होते. वहिनी कधीतरी कुणाजवळ तरी बोलेल; मायजवळ, दादाजवळ, निदान गटातल्या एखाद्या बाईजवळ, की नणंदेनं चिठ्ठी लपवली होती. म्हणजे तिच्यातही एक खोट सापडेल आणि मला जरा हलकं वाटेल. ती बोललीच नाही. चेकचा हेवा मला पेलत होता. हा पेलेना. शेवटी मीच वही घेऊन बसले आणि सगळं लिहून काढलं.

काल वहिनीनं खांद्यावरून वाकून ते वाचलं. पूर्ण वाचलं, मार्करपाशी हसली, चिठ्ठीपाशी तीच ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "हेवा हेवा लई ठिकाणी लिहिलंय तुमी. दोनदा लिहिलं तरी लोकांला कळतंय."

"बरं, कमी करते."

"छापून येणार हाय का हे?"

"पाठवून बघते."

"पैसे देतेत का त्याचे?"

"देत असतील थोडेफार."

"चेकनं?"

"ठाऊक न्हाई. चेकनंबी देत असतील."

वहिनी गंभीर झाली. माझ्या शेजारी बसली आणि लहान मुलाला रस्ता ओलांडायला शिकवावं तशी म्हणाली, "चेकनं आले तर पाकीट उघडू नका. आबांच्या हातात तर बिलकुल देऊ नका. तसंच माझ्याकडं आणा, म्या येते संगं बँकेत."

मी बरं म्हणाले. हे माझं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे.